सावलीत लागलेलं ऊन

सावलीत ऊन लागतं का हो? दोन सालाखाली मला कुनी हे इचारलं असतं तर मी त्याला तोंडावर येडा म्हनलं असतं. तशी मी कुनालाबी म्हनते. माझ्या जिभेला हाड न्हाई हे अख्ख्या गावाला ठावं हाय. मी सोजराबाई. हट्ट्याच्या अलीकडं आमचं गाव, तिथल्या शाळेत बारा वर्सं झाली खिचडी शिजवून राहिले. लेकरं तोंडावर मावशी म्हनतेत, पाठीमागं खिचडीवाली म्हनतेत, मला दोन्ही चालतं. पन माझी पोरगी, निलम, ती मला कायबी म्हनत न्हवती. वाढलं तर जेवायची, पानी सांगितलं तर आनायची, पन 'माय' हा शब्द वर्सभर तिच्या तोंडातून निघाला न्हाई. काहून, ते सांगते. मधी बोलू नका, न्हाईतर मी पुन्हा खोटं बोलायची.

प्रियंका मॅडम आमच्या शाळेवर आल्या तवापासून मला आवडल्या न्हाईत. वसमतहून स्कुटीवर यायच्या, डोक्याला रुमाल, हाताला मोजे. आल्या आल्या माझ्या चुलीकडं पाहून म्हनल्या, "मावशी, किती हा धूर!" आता शाळेला गॅस हाय, पन टाकी महिन्यातले पंधरा दिवस रिकामी. मंग काय, तुराट्या आन् पऱ्हाट्या. मी म्हनलं, "मॅडम, तुमी फुकून पेटवा, मंग धूर येत न्हाई." त्या हासल्या. मी न्हाई हासले.

त्या साली एप्रिलात सकाळची शाळा व्हती. मास्तर कमी, म्हनून पाचवी, सहावी, सातवी एकाच खोलीत बसायची. माझं खिचडीचं शेड त्या खोलीच्या खिडकीला लागून, तवा मला समदं ऐकू येतं. एक गुरुवारी मॅडमनं पोरायला घरून वाकळ आनाया सांगितली व्हती. दुसरं कुनी आनली न्हाई, माझ्याच निलमनं आनली. सहावीत व्हती ती. डोक्यावर घेऊन आली तवा मान मोडायची बाकी व्हती.

ती वाकळ माझ्या सासूची. सासूनं दोन लुगड्यायची शिवली व्हती. विरली की मी वरून एक लुगडं टाकून दोरा मारायची. वाकळ कुनी उसवत न्हाई, वरून थर देतेत. असे थर देता देता ती इतकी जड झाली की धुतल्यावर पिळायला दोघी लागायच्या. माझ्या दोन्ही लेकरायचं समदं दुखनं-खुपनं त्याच वाकळीत निघालं.

मॅडमनं स्वप्निलला मधी बसवलं. जाडजूड पोरगं. "ही आपली पृथ्वी," असं म्हनल्या तर पोरं खदखदली. मॅडमनं आधी आपली वढनी त्याच्या खांद्यावर टाकली.

"सूर्याची ऊब येते, पृथ्वी तापते, आणि ती ऊब पुन्हा वर आकाशात सोडते," मॅडम सांगून राहिल्या. "सगळीच सोडली तर आपण गारठून मरू. म्हणून तिच्या अंगावर हवेचं पातळ पांघरूण आहे. तेवढं लागतंच. मग माणसानं कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळायला घेतलं. वीज करायला, गाड्या पळवायला, कारखाने चालवायला. जाळलं की एक वायू निघतो. धूर दिसतो, हा दिसत नाही. धूर चार दिवसांत खाली बसतो, हा शेकडो वर्षं वरच राहतो. म्हणजे पांघरुणावर अजून एक थर चढला. त्यावर अजून एक."

माझ्या शेजारच्या केशरबाईची नात कोमल उठली. चौकस पोरगी. "पन मॅडम, इतकी जल्दी काहून तापली? माझी आजी म्हनती, आमच्या टायमाला असं न्हवतं."

मॅडमनं निलमला इचारलं, "ही वाकळ किती वर्षांत एवढी जड झाली?"

"आजीपासून हाय, मॅडम. चाळीस वर्सं झाली असतील."

"आता समज, तुझ्या आईनं शिलाई मशीन घेतलं आणि रोज एक थर शिवायला लागली तर? तसं झालंय बघ. माणसानं आजवर जेवढं जाळलं, त्यातलं निम्म्याहून जास्त मी जन्मले तेव्हापासून जाळलंय. आणि मी काही म्हातारी नाही." असं म्हनून त्यायनं ती वाकळ स्वप्निलच्या अंगावर टाकली. दोन मिनटात पोराच्या कपाळावर घाम आला. "काढू का मॅडम?" म्हनून तो कावला.

"बघा, पृथ्वीला ताप आलाय," मॅडम म्हनल्या, "आणि आपण तिच्यावर वाकळ घालतोय."

आता माझ्यानं राहवलं न्हाई. हातात पळी, तशीच खिडकीत गेले आन् म्हनलं, "ओ मॅडम! तापात वाकळ घालतच असतेत! तुमच्याकडं काढतेत का काय?"

पोरं अशी हासली की बाकडे वाजले. मॅडम लाल झाल्या. पन नीट बोलल्या, ते मी आज कबूल करते. म्हनल्या, "मावशी, हिवतापाचं वेगळं. तो ताप आतून येतो. हा बाहेरून आलाय. बाहेरच्या तापावर पांघरूण घातलं तर तो आत कोंडतो. मग घामसुद्धा येईनासा—"

"घाम आला की ताप उतरतो, शेंबड्या पोराला बी ठावं हाय!" मी त्यायला पुरं बोलूच देल्लं न्हाई. "तुमी पुस्तकातलं शिकवा मॅडम, ताप आमच्यावर सोडा. आन् दुनिया माझ्या चुलीनं तापली असंल तर तसं सांगा, उद्यापासून कच्चे तांदूळ वाढते!"

पोरायनं टाळ्या वाजवल्या. मॅडम फळ्याकडं वळल्या. एकटी निलम हासली न्हाई. ती वहीत कायतरी लिहून राहिली व्हती. मला वाटलं, मायची शरम वाटली असंल कार्टीला. मी आपली ताठ मानेनं चुलीपाशी आले. जिंकले व्हते ना मी.

माझा थोरला म्हंजी माऊली. चोवीस वर्साचा व्हता. निलम त्याच्यापेक्षा बारा वर्सानं लहान, मधी दोन लेकरं गेली. मालक गेले तवा निलम दोन वर्साची, तवापासून घर माऊलीनंच वढलं. आमच्या वसमत भागात हळद लई. मार्च-एप्रिलात ती काढायची, शिजवायची, वाळवायची. शिजवायला मोठाले लोखंडी ड्रम असतेत, खाली भट्टी, आन् वाफ अशी की मानूस दिसत न्हाई. माऊली भट्टीवर जाळ घालायचा. हाताला हळद, पायाला हळद, केसात हळद. मी त्याला म्हनायची, "बारा महिने अंगाला हळद लागलेला तू एकटाच नवरदेव रे बाबा!"

त्या गुरुवारी सांजच्याला तो जेवायला बसला आन् निलमला म्हनला, "काय शिकवलं आज, हेडमास्तर?" तो तिला हेडमास्तरच म्हनायचा. मंग तिनं ती वाकळ त्याच्या मांडीवर टाकून समदं पहिल्यापासून सांगितलं. ऊब कशी येती, वर कशी जाती, थर कसे चढले. मॅडमपेक्षा झ्याक सांगितलं पोरीनं.

माऊली भाकर मोडता मोडता म्हनला, "मंग आमच्या भट्टीचं बी एक ठिगळ असंल त्यात."

"असंल," निलम म्हनली, "पन बारकं. मोठे थर मोठ्या देशायचे, कारखानेवाल्यायचे."

"आन् उकडायचं भट्टीवाल्यानं. बराबर हाय न्याव!" असं म्हनून तो हासला. हासताना बी त्याचे डोळे लाल दिसले मला. चार रात्री पोराला झोप न्हवती. तवा रात्री बी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा, पंखा गरम हवा फेकायचा, पहाटं बी गार म्हनून वाटायचं न्हाई. मी म्हनलं, "दोन दिस घरी राह्य." तो म्हनला, "माय, हळद थांबत न्हाई." मी बी मंग जास्त बोलले न्हाई.

रविवारी पहाटं चारला गेला. उन्हाच्या आत काम उरकावं म्हनून टोळीवाले तसंच करतेत. साडेदहाला त्याचा सोबती रत्नपाल त्याला मोटरसायकलवर मधी धरून घेऊन आला, मागं अजून एक जन. माऊली दारात उतरला तो असा झुलत की मला वाटलं पिऊन आला. कधी थेंब घेतला न्हवता त्यानं. मी हाताला धरलं आन् माझा हात भाजला. अंग नुसतं तापलं व्हतं. आन् दात वाजून राहिले व्हते. "माय," म्हनला, "थंडी वाजती गं."

आता इथं नीट ऐका. मला उन्हाची वळख न्हाई असं न्हाई. आमी उन्हातलेच मानसं. ऊन लागलं तर कांदा, कैरीचं पन्हं, अंगावर वलं फडकं, समदं ठावं व्हतं मला. मी रत्नपालला पयला सवाल तोच केला, "उन्हात व्हता का रे?"

तो म्हनला, "न्हाई मावशी. पत्र्याच्या शेडातच व्हता पहाटंपासून. सावलीतून हालला बी न्हाई."

झालं. सावलीत व्हता म्हंजी ऊन लागलं न्हाई. ऊन लागायला ऊन तर पाह्यजे! मंग राहिलं काय? ताप. थंडी वाजून आलेला ताप. मी त्याला खोलीत निजवलं, दार लावलं, आन् पेटीवरची वाकळ काढून गळ्यापरेंत घातली. शेजारची केशरबाई आली, तिनं बी हात लावून पाह्यला. म्हनली, "सोजरा, दाबून ठिव. पानी देऊ नको गार, छाती धरंल. घाम फुटला की मोकळा व्हतो." बराबर म्हनली असं मला वाटलं. तिनं तसेच पाच लेकरं वाढवले, मी दोन.

निलम हापशावरून घागर घेऊन आली. भावाला पाह्यलं, कपाळाला हात लावला, मंग काखेत हात घातला. "माय," म्हनली, "ह्याला घामच न्हाई. कोरडा हाय समदा."

"येईल आता. तू चूल पेटव, काढा ठेव."

"माय, हा बाहेरचा ताप हाय. भट्टीचा हाय. काढ ते!" आन् तिनं वाकळ धरून वढली. खाली पाडली.

मी उचलून पुन्हा घातली. तिनं पुन्हा वढली. "माय, सोड! सोड ना माय! मॅडमनं सांगितलंय, आत कोंडतो—"

मॅडमचं नाव निघालं आन् माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिच्या कानफटात मारली. उलट्या हातानं. पोरगी भिंतीवर आदळली. "तुझ्या मॅडमला लेकरू न्हाई, बाळ न्हाई, ती मला ताप शिकवनार?" असं म्हनले मी. हे शब्द माझेच हायेत, दुसऱ्या कुनाचे न्हाईत.

निलम रडली न्हाई. घागर उचलली आन् भावावर वतायला आली. घागर बी मी हिसकली. मंग ती पळत गेली, रत्नपालच्या घरी, त्याच्या फोनवरून मॅडमला फोन लावायला. मला वाटलं, रुसून गेली. मी दार पुन्हा लावलं आन् वाकळीचे काठ लेकराच्या अंगाखाली खोसले, वारा लागू नये म्हनून. तो कायतरी बडबडून राहिला व्हता, हळद, जाळ, कुनाचं तरी नाव. मंग गप झाला. मी देवाचं नाव घेतलं. झोप लागली, ताप उतरून राहिला, असं वाटलं मला. मी त्याच्या उशाशी बसून पंखा घालत व्हते, वाकळीवरून. वाकळीवरून पंखा! येडी मी, दुसरं काय.

रत्नपाल आन् निलम धावत आले तवा पाऊन तास झाला असंल. रत्नपाल म्हनला, "मावशी, काढा ते पांघरून, पानी टाका, मॅडमनं गाडीला फोन लावलाय!" निलमनं मला न इचारता वाकळ फेकली. खाली माऊलीचं अंग व्हतं तसंच कोरडं. डोळे वर गेले व्हते. पानी टाकलं तसा त्याला झटका आला, हातपाय ताठले. गाडी आली. निम्म्या वाटंतच त्याची मान लटकली, मला वाटलं गेला, पन मी कुनाला सांगितलं न्हाई, त्याचा पाय चोळत राहिले.

तालुक्याच्या दवाखान्यात डाक्टरनं लई खटपट केली, बर्फ आनला, सुया दिल्या. दिवस मावळायच्या आत बाहेर येऊन म्हनला, "बाई, ऊन लागलं होतं. फार उशीर झाला."

मी म्हनलं, "साहेब, सावलीत व्हता तो. सावलीत ऊन कसं लागंल?"

"आता लागतं," डाक्टर म्हनला. "हवाच एवढी तापते की सावली असून उपयोग नाही. त्यात ती भट्टी." मंग त्यानं कागदावर लिहिता लिहिता इचारलं, "घरी आणल्यावर काय केलं? अंगावर पाणी टाकलं का? काही पांघरूण वगैरे नव्हतं ना?"

निलम माझ्या बाजूला उभी व्हती. गालावर माझ्या बोटायचे वळ अजून दिसून राहिले व्हते.

"न्हाई साहेब," मी म्हनलं. "पांघरून न्हवतं. पानी टाकलं व्हतं."

निलमनं मान वळवून माझ्याकडं पाह्यलं. बस, पाह्यलं. त्या दिसापासून तिनं मला माय म्हनलं न्हाई.

माऊलीला आंघोळ घातली तवा पानी पिवळं निघालं. चार घागरी झाल्या तरी पिवळंच. बाया रडून राहिल्या व्हत्या, मी त्या पान्याकडं पाहत व्हते. मेल्या मानसाचं अंथरून-पांघरून शिवेबाहेर टाकतेत आमच्यात. केशरबाईनं इचारलं, "वाकळ टाकली का?" मी म्हनलं, टाकली. टाकली न्हवती. जुनं एक घोंगडं टाकलं आन् वाकळ पेटीत तळाला दडवली. काहून, ते इचारू नका, टाकायला हात उचलला न्हाई. गावात समदे म्हनले, ऊन लागून गेलं पोरगं, नशीब. मी बी म्हनले, नशीब. शहान्याला शब्दाचा मार म्हनतेत. मला मॅडमचा शब्द लागला न्हाई, पोरानं मरून सांगितलं तरी मी दुसऱ्याला सांगितलं न्हाई.

शाळेत मी परत गेले. जानार कुठं? मॅडमनं एकदा माझा हात धरला. त्यायला ठावं व्हतं. फोनवर निलमनं समदं सांगितलं असंलच. पन त्यायनं मला कधी टोमना मारला न्हाई, हे मला जास्त झोंबलं. त्यायच्या जागी मी असते तर मारला असता. घरात मी आन् निलम, दोन ताटं. कंदील लागत न्हाई आता, लाइट हाय, पन बोलनं न्हाई. कधी कधी वाटायचं, मारावं हिला पुन्हा, निदान वरडंल तरी. मंग त्या हाताचीच भीती वाटायची.

वर्स फिरून पुन्हा एप्रिल आला. पुन्हा भट्ट्या लागल्या. एक सोमवारी कोमल शाळेत उशिरा आली, चेहरा उतरलेला. खिचडी वाढताना मी म्हनलं, "काय गं, कुठं मेली व्हतीस दोन दिस?" ती म्हनली, "मावशी, शनिवारी हळद वेचताना मला चक्कर आली. अंग लई तापलं. आजीनं दोन वाकळा घातल्या."

माझ्या हातातली पळी पातेल्यात पडली. "मंग?"

"मंग बाबा आले, त्यायनं काढल्या. गुदमरले व्हते मी." असं म्हनून ती खिचडी खाऊ लागली.

कानात माझाच आवाज आला: शेंबड्या पोराला बी ठावं हाय. केशरबाईला काहून बोल लावावा? तिला काय ठावं? तिला सांगनारी मीच व्हते, आन् मी तोंड शिवून बसले व्हते. मला आपलं पाप लपवायचं व्हतं. त्यापायी ही पोरगी वाकळीखाली जानार व्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडम शेडात आल्या. हळू आवाजात म्हनल्या, "मावशी, उद्या तो हवामानाचा धडा आहे. मी वाकळीचं उदाहरण देणार नाही. दुसरं काहीतरी शोधलंय, काचेच्या बरणीचं. तुम्हाला त्रास नको."

"बरनी कुनाच्या घरात अंगावर घेतेत का, मॅडम?" मी म्हनलं. "वाकळच सांगा. आन् तुमी न्हाई, मी सांगते."

त्या माझ्याकडं पाहतच राहिल्या. मंग म्हनल्या, "निलम वर्गात असेल, मावशी."

"म्हनूनच."

बुधवारी मी खिचडी लवकर उतरवली आन् पेटीतली वाकळ डोक्यावर घेऊन वर्गात गेले. निलम आता सातवीत, खिडकीपाशी बसती. तिनं वाकळ वळखली. खाली मान घातली. पोरायला वाटलं आता गंमत व्हनार, मावशी मॅडमची खोड काढनार. कोमल म्हनली, मी बसते मधी. बसली. मी तिच्या खांद्यावर ती वाकळ टाकली.

मला काय भाशन येतं का? मी आपलं जसं आलं तसं बोलले. "ही धरती. हिच्यावर पातळ लुगडं व्हतं, ते चांगलं व्हतं. मंग मानसायनं जाळ केला. कोळशाचा, डिझेलचा. मोठ्यायनं मोठा, आपन बारका. त्याचा न दिसनारा थर चढला. वाकळ उसवत न्हाईत लेकरांनो, वरून शिवतेत, म्हनून ती जडच व्हत जाती. आता मशीनवर शिवून राहिले, म्हनून इतकी जल्दी तापली. इतकी तापली की सावलीत ऊन लागतं. पयलं न्हवतं लागत. म्हनून आपल्याला वळखू येत न्हाई. आपन जुन्या शहानपनावर जातो आन् लेकरू मारून टाकतो."

आता कुनीच हासत न्हवतं.

"माझ्या माऊलीला ऊन लागलं व्हतं. सावलीत. मी म्हनलं ताप हाय आन् ही वाकळ घातली. हीच. निलमनं दोनदा काढली. ती म्हनली, माय, काढ ते. मी तिला मारलं. डाक्टरला खोटं सांगितलं, गावाला खोटं सांगितलं. तुमच्या मॅडमनं ह्याच खोलीत सांगितलं व्हतं आन् मी खिडकीतून त्यायची फजिती केली, तुमी टाळ्या वाजवल्या. मी वाकळ अशी घातली, मंग हे काठ असे खोसले, मंग अशी दाबून धरली, घाम यावा म्हनून, अशी—"

पुढचं मला दिसंना. माझे हात त्या काठावर व्हते. हाताखाली तापलेलं अंग व्हतं, आन् ते कोमलचं हाय हे मला कळत न्हवतं. "मावशी, गरम व्हतंय," असं कुनीतरी लांबून म्हनलं. मॅडम बी काय म्हनल्या. मी दाबूनच धरलं व्हतं. वारा लागू नये म्हनून.

मंग माझ्या हातावर एक हात आला. बारका, खडूनं भरलेला.

"माय," निलम म्हनली. "सोड."

वर्सानं पयल्यांदा. तेच दोन शब्द, त्याच आवाजात, जसे त्या रविवारी म्हनली व्हती.

मी सोडली.